परदेशातल्या शाळेत शिकवायचंय: आधी बी.एड. की थेट पीजीसीई?

सांगली-साताऱ्यात एम.एस्सी. किंवा एम.ए. करून दुबई, दोहा, सिंगापूरच्या शाळांकडे डोळे लावून बसलेल्यांपुढे सध्या दोन वाटा असतात. एक म्हणजे सीईटी देऊन शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजातून दोन वर्षांचं बी.एड. दुसरी, एखाद्या ब्रिटिश विद्यापीठाची ऑनलाइन पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षकी प्रमाणपत्र अभ्यासक्रम, साधारण वर्षभराचा. जाहिरातीत दुसरी जास्त चकाकते. माझं मत पहिलीच्या बाजूने आहे, पण अनुभवाची जोड असेल तरच.

पीजीसीईचा अभ्यासक्रम वाईट नाही. वाचन भरपूर, लेखन भरपूर, आपण वर्गात काय करतो याची कठोर तपासणी. पण त्यासाठी हाताशी वर्ग हवा. बहुतेक ठिकाणी शिकणारा आधीच कुठेतरी शिकवत असावा, अशी अट असते. फी पौंडात. शिवाय या ऑनलाइन पीजीसीईबरोबर इंग्लंडचा शिक्षकी दर्जा, म्हणजे क्यूटीएस, आपोआप मिळत नाही. तो हवा असेल तर वेगळी वाट धरावी लागते.

उलट बी.एड.वाल्यांना ती वाट खुली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंग्लंडने भारतासह आणखी काही देशांतल्या प्रशिक्षित शिक्षकांना क्यूटीएससाठी थेट अर्ज करायची मुभा दिली. भारतीयांसाठी विषय मात्र ठरवून दिले: गणित, विज्ञान आणि भाषा, तेही ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांवर हा अन्यायच आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्जाआधी सरकारी संकेतस्थळ पाहावंच.

बी.एड.ची दुखरी बाजूही आहे. पाठ टाचणं साच्यातली, सराव पाठाला वर्ग आधीच पढवलेला. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत मुलाखतीला बसलात तर 'मुलांनी स्वतः शोधून काढावं म्हणून तुम्ही काय करता?' या एका प्रश्नावर गाडी अडते. त्यावर उपाय म्हणजे दोनेक वर्षं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वर्ग घेणं. सातारकरांना त्यासाठी पाचगणी जवळ आहे: निवासी शाळा, दूरदूरची मुलं, संध्याकाळी वसतिगृहाची ड्युटी. परदेशी मुख्याध्यापकाला सांगण्यासारखं तिथे खूप मिळतं. सांगलीकरांना बहुधा पुणं गाठावं लागेल. आयबी आणि केंब्रिज (ब्रिटिश) अभ्यासक्रमाच्या शाळा तिथे आहेत. अशी नोकरी लागल्यावर पीजीसीई करा, तेव्हा पैसे वसूल होतील.

आखातातल्या सीबीएसई शाळेतच जायचं असेल तर पीजीसीईचा विचारही नको. तिथे बी.एड. आणि अनुभव पाहतात. पगार ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा सहसा कमी, पण प्रवेश सोपा.

वाट कुठलीही धरा, कागदांचं काम आजच सुरू करा. अमिरातीसाठी पदवीवर राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. ओमानसारख्या देशांना अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का, चालतं. पोलीस पडताळणीचा दाखला वेगळा. खरी कटकट नावाची असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर माहेरचं. राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र फाइलीत नसेल, तर ऑफर हातात असूनही व्हिसा रखडू शकतो.