साडेसोळा हजारांचा साउंडबार आणि बाबांचा डग्गा

गेल्या दिवाळीत आम्ही ३.१ चॅनलचा साउंडबार घेतला, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, ज्यात डावा, उजवा आणि मधला असे तीन चॅनल असतात; '.१' म्हणजे सबवूफर. साडेसोळा हजार रुपये, सोबत वायरलेस सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा आवाज देणारं वेगळं खोकं. घेतला तो बाबांसाठी. बाबा ७६ वर्षांचे आहेत, आणि चाळीस वर्षं त्यांनी भजनी मंडळात तबला वाजवलाय. नवा पातळ टीव्ही भिंतीवर लागल्यापासून त्यांना बातम्या निम्म्याच कळायच्या. या टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. "सगळे तोंडात सुपारी धरून बोलतात," असं बाबा म्हणायचे.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात मी हा बार परत करायला निघाले होते, पण जे बिघडलं होतं त्यातलं बहुतेक बारमधे नव्हतंच. ते आमच्या डोंबिवलीच्या हॉलमधे आणि टीव्हीच्या सेटिंगमधे होतं. तुमच्याकडे कुठल्याही कंपनीचा बार असो, हेच निघण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लावून द्यायला आलेला मुलगा वीस मिनिटांत मोकळा झाला. बार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवला, सबवूफर शोकेसच्या कोपऱ्यात बसवला, ऑप्टिकल वायर जोडली, बेस भरपूर वाढवून एक गाणं ऐकवलं आणि कागदावर सही घेऊन गेला. रात्री बाबांनी भीमसेनजींचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. दोनच मिनिटांत म्हणाले, "अगं, हा डग्गा नाही. कुणीतरी रिकामं पिंप बडवतंय." प्रत्येक 'धा'ला शोकेसच्या काचा किणकिणत होत्या. बातम्या लावल्या तर आवाज मोठा झाला होता, पण शब्द तितकेच अस्पष्ट.

दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं की या किमतीत असाच आवाज येतो, वरचं मॉडेल घ्या. शिवाय बावीसशे रुपयांची एचडीएमआय केबल सुचवली. केबल घेतली नाही हे बरं केलं. डिजिटल सिग्नल नीट पोचत असेल तर महागड्या केबलने आवाजात काही फरक पडत नाही, आणि खोक्यात आलेली केबल मजबूत होती.

पहिली चूक जोडणीत सापडली. ऑप्टिकल वायरमधून डॉल्बी डिजिटल हा अनेक चॅनलच्या आवाजाचा जुना प्रकार जातो, पण ओटीटीवर हल्ली जो डॉल्बी डिजिटल प्लस असतो तो जात नाही. एचडीएमआयच्या एआरसीमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज उलटा बारकडे पाठवणाऱ्या सोयीतून, तो जातो. टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय पोर्ट होते, त्यातल्या एकावरच एआरसी लिहिलेलं होतं. केबल तिथेच लावावी लागते. टीव्हीच्या सेटिंगमधे सीईसी (जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करावं लागतं. हे प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लपवते: एलजीत सिंपलिंक, सॅमसंगमधे ॲनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक. आणि सर्वांत महत्त्वाचं, डिजिटल आवाजाचं आउटपुट आमच्याकडे पीसीएमवर (आवाज टीव्हीनेच उलगडून द्यायचा) होतं, ते पास थ्रूवर (आवाज आहे तसा बारकडे सोडायचा) नेलं. पीसीएमवर टीव्ही ५.१ म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाचे दोनच चॅनल करून बारला देत होता. ५.१ मधे संवादांचा स्वतंत्र मधला चॅनल असतो, आणि आमच्या बारमधे मधला स्पीकर त्याच कामासाठी दिलाय. ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तो स्पीकर आठवडाभर त्याच्या खऱ्या कामाला लागलाच नव्हता. ई-एआरसी, म्हणजे एआरसीची नवी आवृत्ती, नसेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. ब्लू-रेवरचा ट्रूएचडीसारखा आवाज ऐकायचा असेल तरच त्याची गरज पडते.

सेट टॉप बॉक्सवरच्या आमच्या मराठी बातम्या मात्र दोनच चॅनलमधे येतात. तिथे हा उपाय चालला नाही, त्यासाठी वेगळं करावं लागलं. ते पुढे सांगते.

मग बार कप्प्यातून बाहेर काढला. कप्पा म्हणजे तीन बाजूंनी लाकूड. आत ठेवलेला बार मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाजतो. आता तो युनिटच्या वर, अगदी कडेशी आहे. माझ्या मुलाचे दोन खोडरबर पुढच्या कडेखाली सरकवले, त्यामुळे बारचं तोंड किंचित वर झालं. आधी आवाज बाबांच्या गुडघ्यांकडे जात होता.

खरं काम होतं सबवूफरचं. त्यात एक अख्खा रविवार गेला, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फायदाही त्याच दिवशी झाला.

आमचा हॉल १२ फूट बाय १० फूट आहे. खाली टाइल्स, भिंती उघड्या. बंद खोलीत खर्जाचा आवाज भिंती-भिंतींमधे अडकतो आणि ठरावीक स्वरांवर फुगतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा (सेकंदाला ४७ कंपनांचा) स्वर फुगतो, आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झचा. असे स्वर भिंतीजवळ सर्वांत जोरात असतात आणि मधोमध जवळजवळ नाहीसे होतात. आमचा सबवूफर कोपऱ्यात होता, म्हणजे दोन भिंती आणि जमीन यांच्या बेचक्यात. बाबांची आरामखुर्ची समोरच्या भिंतीला टेकलेली. स्वर जिथे जास्तीत जास्त फुगतो तिथे वाजवणारा, आणि जिथे जास्तीत जास्त फुगतो तिथेच ऐकणारा! पिंप का वाजत होतं ते तेव्हा कळलं.

जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, खर्ज असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण खोलीभर वाकून जमिनीलगत कान लावत फिरायचं. जिथे तो आवाज सर्वांत स्वच्छ येतो ती सबवूफरची जागा. ध्वनीचा रस्ता दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे हे चालतं. बाबांना वाकवणार नव्हते, म्हणून त्यांना स्टुलावर बसवून मी स्टूल सरकवत गेले. शोकेसजवळ त्यांनी मान हलवली. खोलीच्या मधोमध म्हणाले, "डग्गाच गेला." दिवाणाच्या पायथ्याशी, भिंतीपासून दीड फूट पुढे, ते थांबले. डावा हात मांडीवर आला आणि मनगट दाबत पुढे सरकला, डग्ग्यावर मींड काढताना सरकतं तसं. "इथे घुमारा येतोय," म्हणाले.

सबवूफर तिथे ठेवला. खाली शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि त्याखाली जुन्या योगा मॅटची दुहेरी घडी, म्हणजे थरथर जमिनीत कमी उतरते. आरामखुर्ची भिंतीपासून दीड फूट पुढे घेतली. सबवूफरची पातळी अधिक ४ वरून उणे २ वर आणली.

तानपुऱ्यावर हे सगळं लगेच पारखता येतं. पांढरी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) सुरात लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा साधारण १३१ हर्ट्झच्या असतात आणि खर्जाची तार ६५ हर्ट्झची. बारमधले छोटे स्पीकर ६५ नीट वाजवू शकत नाहीत, ते काम सबवूफरचं. म्हणजे एकच तानपुरा दोन खोक्यांमधे वाटला जातो. सबवूफर जास्त असला की खर्जाची तार जोडीपासून सुटून दिवाणाखालून वेगळी वाजते. कमी करत जा, आणि चारही तारा एकाच भोपळ्यातून आल्यासारख्या वाटल्या की थांबा. स्फोट आणि गाड्यांच्या प्रसंगांवर बेस लावलात तर हे कधीच जमणार नाही.

उघड्या भिंतीसाठी फारसं काही केलं नाही. जमिनीवर जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्याने टाळीचा खणखणाट कमी झाला.

आता बातम्या. वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू यायचे कमी होतात. स्वर ऐकू येतात, पण स, श, त, क यांसारखी व्यंजनं गळतात आणि शब्द कळत नाही. बारचा 'व्हॉइस' मोड साधारण याच पट्ट्याला उठाव देतो. बाबांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "आज बाई स्पष्ट का बोलतेय?" मात्र गाण्याला हा मोड लावू नका, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, पत्र्यासारखी खरखरते. रात्री दहानंतर नाइट मोड: मोठे आवाज खाली येतात, बारीक आवाज वर येतात. खालच्या काकूंनी पहिल्या आठवड्यात दोनदा बेल वाजवली होती, त्यानंतर एकदाही नाही. जाहिरातींचा अचानक मोठा होणारा आवाजही याने थोडा आवरतो.

तक्रारी आहेत. खोक्यावर ४०० वॅट छापलंय, मागच्या स्टिकरवर वीज लागते ती ४५ वॅट. आकडा बघून घेणाऱ्यांनी मागची बाजू वाचावी. डिस्प्ले नाही, चार दिवे मोजून पातळी ओळखायची, वयस्कर माणसाला हे फार जाचक आहे. ब्लूटूथवर आवाज पातळ होतो. बाबांच्या जुन्या कॅसेटी मी पेन ड्राइव्हवर घेतल्या आहेत, त्या थेट बारला लावून जास्त चांगल्या वाजतात. फोनवरून लावायचंच असेल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त बारवर करा. आणि इनपुट बदललं की सबवूफरची पातळी मूळपदावर जाते. यावर सर्व्हिस सेंटरकडे अजून उत्तर नाही.

पंधरा हजारांच्या आसपास, घरात संवाद कळत नाहीत ही मुख्य अडचण असेल, तर मधला स्पीकर असलेला बार जरूर घ्या. दोन चॅनलवाला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

बाबांसाठी रिमोटच्या मागे कागदाची पट्टी चिकटवली आहे. बातम्या: व्हॉइस. गाणं: म्युझिक, सब उणे २. रात्री: नाइट. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडलीय: भजनाची कॅसेट, सब उणे १.