टीएलडी गोळी: एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्ही असतील तर

टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत. दिवसातून एकदा घ्यायची, उपाशीपोटी किंवा जेवून. एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी असेल आणि मूत्रपिंडं नीट चालत असतील, तर सुरुवात याच गोळीने करावी असं आमचं ठाम मत आहे.

कारण पहिली दोन औषधं दोन्ही विषाणूंवर चालतात. पूर्वी हिपॅटायटिस बीवर एकटं लॅमिव्ह्युडिन दिलं जायचं आणि चार वर्षांत दहातल्या जवळपास नऊ जणांत विषाणू त्याला दाद देईनासा व्हायचा. टेनोफोव्हिर सोबत असल्यावर हे सहसा घडत नाही. डोल्युटेग्राव्हिर मात्र फक्त एचआयव्हीपुरतं.

गोंधळ उडतो तो पहिल्या तीन महिन्यांत. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढू लागतात, सावरलेली प्रतिकारशक्ती यकृतातल्या विषाणूवर तुटून पडते आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) एकदम चढतं. सीडी४ फार कमी आणि एचबीव्ही डीएनए (रक्तातलं हिपॅटायटिस बी विषाणूचं प्रमाण) खूप जास्त असलेल्यांत हे अधिक दिसतं. गोळी बाधली असं समजून ती बंद केली जाते, आणि तिथेच घात होतो: औषध सुटताच हिपॅटायटिस बी उसळतो, सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) असेल तर यकृत निकामी होऊ शकतं. बिलिरुबिन (काविळीची तपासणी) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) ठीक असतील, रुग्णाला त्रास नसेल, तर गोळी चालू ठेवून दर एक-दोन आठवड्यांनी तपासण्या कराव्यात. काविळ, वाढलेला आयएनआर किंवा भ्रमिष्टपणा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. एएलटी वाढण्याची इतर कारणं, म्हणजे क्षयाची औषधं, दारू, नव्याने झालेला हिपॅटायटिस ए, सी किंवा डी, चुकलेले डोस, हेही तपासायलाच हवं.

एचआयव्हीची औषधं बदलतानाही हाच धोका. डोल्युटेग्राव्हिर-लॅमिव्ह्युडिनची दोन औषधांची गोळी सुटसुटीत आहे, पण हिपॅटायटिस बीसाठी पुन्हा एकटं लॅमिव्ह्युडिनच उरतं. कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनच्या इंजेक्शनांत तर हिपॅटायटिस बीवर काहीच नाही. म्हणून एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासल्याशिवाय बदल करू नये.

या गोळीची खरी उणीव मूत्रपिंडांच्या बाबतीत आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा आकडा, मिलि/मिनिट) ५०च्या खाली गेला की टेनोफोव्हिरचा डोस कमी करावा लागतो, आणि एकत्र गोळीत ते जमत नाही. ३०च्या वर असेल तर टेनोफोव्हिरचाच दुसरा प्रकार, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, हा चांगला पर्याय. तेही जमत नसेल तर हिपॅटायटिस बीसाठी एंटेकाव्हिर, पण एचआयव्हीचे पूर्ण उपचार सोबत हवेतच. नाहीतर एंटेकाव्हिरमुळे एचआयव्ही लॅमिव्ह्युडिनला दाद देईनासा होतो. डोल्युटेग्राव्हिरमुळे सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढतं. त्यात मूत्रपिंडाला इजा नसते. त्या आकड्याला घाबरून टेनोफोव्हिर काढू नये.

क्षयावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅची वेगळी गोळी जोडावी. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची अँटासिडं घ्यायची असतील तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) काही आठवड्यांत खाली येतो, एचबीव्ही डीएनएला मात्र वर्ष किंवा जास्तही लागू शकतं. तो घसरत असेल तर औषध बदलायचं कारण नाही. सिरॉसिस असलेल्यांनी डीएनए दिसेनासा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी चालूच ठेवावी, कारण कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.