आर्णी रोडवरचं पत्र्याच्या शेडचं गॅरेज, जुन्या बोलेरोच्या स्टिअरिंग-सस्पेन्शनसाठी नक्की जा

गाडी २०११ ची बोलेरो, १ लाख ९० हजार किलोमीटर झालेली, अन् त्यातले बरेचसे पांदण रस्त्यावरचे. यवतमाळ जिल्ह्यातली काळी माती सगळ्यांना माहीत आहे, पावसात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगड होतात अन् गाडीचं पुढचं सगळं काम त्यातच मार खाते, त्यामुळे इतक्या वर्षांनी ती वाजायला लागली यात गाडीचा दोष मी धरत नाही.

त्रास असा होता. नागपूर-तुळजापूर हायवेवर ७०-७५ ला स्टिअरिंग थरथरायचं, खड्ड्यात डावं चाक गेलं की खट्ट वाजायचं, अन् ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी तीनदा नेली, नाव घेत नाही. दोनदा अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) केलं, एकदा पुढचे दोन्ही शॉकअप नवे टाकले, ११ हजाराच्या वर गेले अन् खट्ट तसंच. तिथं एकानंही गाडी चालवून पाहिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटते. बाबा तर म्हणाले "इकून टाक आता". पण खत-बियाण्यापासून आईच्या दवाखान्यापर्यंत सगळं तिच्यावरच, कशी इकणार.

मग मावसभावानं हे गॅरेज सांगितलं. बोर्ड नाही, कडुनिंबाखाली शेड आहे. मिस्त्रीनं बोनेट उघडलंच नाही, चावी मागितली अन् म्हणाला "चाल भाऊ, तू बाजूले बस". काच खाली करून खराब रस्त्यानं नेली, मग हायवेवर ७० ला, मग ब्रेक मारून पाह्यला. परत आल्यावर पोराला पहिलं काम काय सांगितलं तर चाकं काढून रिमच्या आतून वाळलेला चिखल खरडायला. ढेकळंच्या ढेकळं निघाली! एका बाजूला इतकं वजन चिकटलं की चाकाचा बॅलन्स जातेच ना. चाकं लावून परत एक चक्कर मारली, थरथर कमी झाली पण गेली नाही, म्हणून पुढं शोधायला लागला.

पुढचं चाक जॅकवर घेतलं. वर-खाली धरून हलवलं, खेळ (ढिलेपणा) नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग अन् बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा गोल सांधा) ठीक. वर-खाली खेळ असता तर कोणाला तरी ब्रेक दाबायला लावायचा म्हणे, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग डावी-उजवी बाजू धरून हलवलं तर चाक हललं. गाडी परत खाली घेतली, पोराला आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं इकडं-तिकडं करायला लावलं अन् माझा हात धरून टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथं जोडतो त्या सांध्यावर, ठेवला. बोटाखाली टिक, टिक, प्रत्येक वेळी. डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं बाप्पा, बोटाला मात्र साफ कळत होतं.

खट्ट कुठून येते तेही असंच सापडलं. डाव्या लोअर आर्मला (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून रेटली अन् तोच आवाज, हुबेहूब. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं होतं. ब्रेक मारला की आर्म मागं सरकायचा अन् चाकाचा अँगल बदलायचा, म्हणून ओढत होती. असं ढिलं असताना अलाइनमेंट कितीदाही करा, टिकणार कसं?

बुश नवे टाकल्यावर त्यानं बोल्ट आधी नुसते धरवले, गाडी चाकांवर उतरवली अन् मगच पक्के आवळले. काहून म्हणून विचारलं तर म्हणाला, चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडीचं वजन आल्यावर रबर पिळलेलं राहते अन् लवकर फाटते. ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

मागचे पाटे, यू बोल्ट सगळं पाहिलं. पाट्याच्या टोकाच्या कडीतला एक बुश (शॅकल बुश) थोडा खाल्लेला आहे, पण "वर्षभर चालन, आता पैसे नको घालू". दोन्ही टाय रॉड एंड, डाव्या-उजव्या आर्मचे बुश अन् मजुरी मिळून ४,६५० रुपये झाले, जुने पार्ट पिशवीत परत दिले.

कमी काय ते पण सांगतो. अलाइनमेंटचं मशीन नाही, अन् टाय रॉड एंड बदलल्यावर ते करावंच लागते, त्यासाठी मला यवतमाळला जावं लागलं. सकाळी ११ ला गेलो तो संध्याकाळी ६ ला सुटलो, बसायला एक बाकडं तेवढं आहे. बिल मागितलं तरच मिळते. कापसाच्या सीझनमध्ये पिकअपवाल्यांची रांग असते, तर आदल्या दिवशी विचारून जा, अन् जो माणूस गाडी रोज चालवतो त्यालाच पाठवा, कारण आवाज कधी येते, कोणत्या स्पीडला येते, वळताना येते का, हे तो खोदून खोदून विचारते.

५०० किलोमीटरनं नट परत तपासायला बोलावलंय, त्याचे पैसे नाही. सध्या ४१० झाले, ८० ला पण स्टिअरिंग शांत आहे.