दोन दांड्यांचा खेळ: ‘जॉमेट्री वॉर्स ३’ घ्यावा की ‘नेक्स माकिना’?

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवरच्या डाव्या दांडीने पळायचं, उजवीने गोळ्या झाडायच्या. यूजीन जार्विस आणि लॅरी डिमार यांनी १९८२ साली विल्यम्स कंपनीसाठी ‘रोबोट्रॉन: २०८४’ हा गेम बनवला, तेव्हा त्या यंत्रावर गोळीबाराचं बटणच ठेवलं नव्हतं. उजवी दांडी जिकडे ढकलाल तिकडे गोळ्या. आज मिळणारे झगमगीत ‘ट्विन-स्टिक’, म्हणजे दोन दांड्यांचे, गेम याच घराण्यातले. त्यातल्या दोघांत माझ्या ओळखीतले बरेच जण अडकतात: लुसिड गेम्सचा ‘जॉमेट्री वॉर्स ३: डायमेन्शन्स’ (२०१४) आणि फिनलंडच्या हाउसमार्कचा ‘नेक्स माकिना’ (२०१७). फोटोंत दोन्ही सारखेच दिसतात, फटाक्यांच्या दुकानाला आग लागल्यासारखे. फोटो बघून ठरवू नका.

‘जॉमेट्री वॉर्स’चा जन्मच गमतीचा. २००३ साली ‘प्रोजेक्ट गॉथम रेसिंग २’ या गाड्यांच्या गेममध्ये गॅरेजच्या कोपऱ्यात एक आर्केड यंत्र (नाणं टाकून गेम खेळायचं कपाट) ठेवलं होतं, त्यावर हा चालायचा. लोक गाड्या सोडून तिथेच रमले. तिसऱ्या भागातही गाभा तोच आहे: काळ्या पटावर प्रकाशाच्या रेघांचे शत्रू, आणि प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा. पत्त्यातल्या चौकटीसारखे निळे सरळ अंगावर येतात. हिरवे चौकोन लबाड, गोळी येताना दिसली की अंग चोरतात. मेलेला शत्रू मागे बारीक हिरवे कण टाकतो. ते वेचले की गुणांचा गुणक वाढतो, पण काही क्षणांत ते विझून जातात. म्हणजे जिथून जीव वाचवून पळालात, तिथेच लगेच परत जायचं. पन्नासेक कणांचा पुंजका समोर दिसत असताना मी तरी कधी शहाण्यासारखा वागलेलो नाही.

यातला ‘पॅसिफिझम’ हा प्रकार एकट्यानेच पैसे वसूल करतो. बंदूक नाही, जीव एकच. पटावर तरंगणाऱ्या फाटकांमधून निसटलं की फाटक फुटतं आणि जवळचे शत्रू उडतात. मिनिटभरात मागे निळ्यांची वरात लागते. तिला वळवत, झुलवत नेमकं फाटकापाशी आणायचं.

तक्रार आहे ती मोहिमेबद्दल, म्हणजे एकेक पातळी जिंकत पुढे जायच्या प्रकाराबद्दल. पट कधी चेंडूच्या आकाराचा, कधी खोक्याच्या. दिसायला झकास, पण वळणापलीकडून येणारं संकट उशिरा दिसतं. बड्या शत्रूच्या पातळ्या उघडायला आधीच्या पातळ्यांमधले तारे साठवावे लागतात, तेव्हा नको तीच पातळी पुन्हा पुन्हा घासायची वेळ येते. मी मोहीम अर्ध्यावर सोडली आणि जुन्या प्रकारांकडे वळलो.

‘नेक्स माकिना’त खुद्द जार्विस सल्लागार होता, आणि ते जाणवतं. इथे खोलीमागून खोली साफ करत पुढे जायचं. प्रत्येक खोलीत माणसं अडकलेली. उशीर केलात तर शत्रू त्यांना गाठतात, म्हणून शत्रू मारायचे की माणूस उचलायचा, ही ओढाताण कायम. खरी मजा ‘डॅश’ची. बटण दाबलं की क्षणभर तुम्हाला काही लागत नाही. गोळ्यांच्या भिंतीतून, लेझरच्या पट्ट्यातून आरपार. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याला हुलकावणी देऊन निसटल्याचं सुख अगदी हेच. मात्र दोन डॅशच्या मधला अर्धा श्वास चुकला की संपलं. खोली संपताच कॅमेरा तुम्हाला उचलून पुढच्या रणात फेकतो, घाम पुसायलाही वेळ नाही.

सगळ्या दुनिया एकदा बघून झाल्या की उरतं ते गुण वाढवणं. त्यात रस नसेल तर चार-पाच संध्याकाळींत हा गेम आटोपतो. गुणांच्या मागे लागणाऱ्याला मात्र तो सोडत नाही.

एक्सबॉक्सवाल्यांचा प्रश्न आधीच सुटलेला आहे: ‘नेक्स माकिना’ फक्त पीसी आणि प्लेस्टेशन ४ साठी आला. शेजारी बसून दोघांना खेळायचं तर दोन्ही चालतात. कंट्रोलरवर मात्र काटकसर नको. माझ्या स्वस्तातल्या कंट्रोलरची उजवी दांडी महिन्याभरात आपोआप डावीकडे सरकायला लागली, आणि गोळ्या शत्रू सोडून भिंतीला. या खेळात गोळीबाराला दुसरा आधारच नाही.

दोन्ही परवडत असतील तर घ्या, सेलमध्ये फार महाग पडत नाहीत. एकच घ्यायचा तर मी ‘नेक्स माकिना’ म्हणेन. इतका रेखीव हात या प्रकारात क्वचित दिसतो. पण ज्याला सलग अर्धा तासही मिळत नाही, त्याने ‘जॉमेट्री वॉर्स’च घ्यावा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ‘पॅसिफिझम’चे दोन डाव सहज होतात. तिसरी शिट्टी ऐकू आली नाही, तर दोष गेमचा.