ट्रॅकर: पॅराबोला देखणा काढतो, खरा आहे का ते आपण तपासायचं

फेकलेल्या चेंडूच्या व्हिडिओवरून त्याचं वर्गसमीकरण काढायचं असेल, तर डग्लस ब्राउन यांचा 'ट्रॅकर' हा फुकट प्रोग्रॅम पुरेसा आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. रूप जुनाट, मेनूंची गर्दी फार. पण हिशेब चोख.

व्हिडिओ उघडा, त्यात दिसणाऱ्या मीटरपट्टीवर कॅलिब्रेशन स्टिक बसवून लांबी 1 मीटर लिहा, अक्ष ठेवा. मग 'पॉइंट मास' घेऊन शिफ्ट दाबून फ्रेमागणिक चेंडूवर क्लिक करत जा. ऑटोट्रॅकर हे आपोआप करतो, पण चेंडू पुसट किंवा लांबट दिसला की भलतीकडेच खुणा करत सुटतो. भर उन्हात, गडद भिंतीसमोर पिवळा चेंडू घ्या. शेवटी वाय-टी (उंची विरुद्ध वेळ) आलेखावर राइट-क्लिक, 'अ‍ॅनालाइझ', आणि 'पॅराबोला' (वर्गसमीकरणाचा वक्र) निवडा: ए·टी² + बी·टी + सी.

ए म्हणजे गुरुत्व त्वरणाची निम्मी किंमत, चिन्ह उणे; म्हणजे −4.9 च्या आसपास. बी हा सुरुवातीचा उभा वेग, सी सुरुवातीची उंची. समजा −4.9, 4.9 आणि 1.2 आले: चेंडू 0.5 सेकंदाला सुमारे 2.4 मीटरवर पोचतो आणि 1.2 सेकंदाला जमिनीवर पडतो. दुसरं मूळ −0.2 येतं. ती वेळ चेंडू हातातून सुटण्याआधीची, म्हणून सोडून द्यायची. दहावीला ऋण मूळ का टाकतात, ते इथे आपसूक कळतं.

आता खरी डोकेदुखी. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो-मोशन घेतला आणि फाइल 30 फ्रेमची म्हणून उघडली, तर काळ आठपट ताणला जातो आणि ए 64 पटीने घटून −0.077 येतो. 'क्लिप सेटिंग्ज'मध्ये फ्रेम रेट 240 करा. वाय विरुद्ध एक्स आलेखात काळच नसतो, त्यामुळे हा घोटाळा तिथे दिसतच नाही. वक्र अगदी सुबक येतो. म्हणून निवाडा वाय-टी आलेखावर करायचा. फ्रेम रेट मध्येच बदलत असेल, तर आधी 'हँडब्रेक' या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून स्थिर करून घ्या.

पट्टी चेंडूच्याच प्रतलात हवी. कॅमेरा त्या प्रतलापासून 3 मीटरवर आणि पट्टी 30 सेंटिमीटर अलीकडे असेल, तर ती मोठी दिसते, सगळी अंतरं 10 टक्के कमी भरतात आणि 9.8 चे 8.8 होतात. अक्ष सरळ ठेवायला चौकटीत ओळंबा टांगा. अक्ष 3 अंश कलले तर ए जवळपास तसाच राहतो, पण एक्स-टी रेषा वाकते, कारण आडव्या दिशेला 0.5 मी/से² त्वरण घुसतं. ओळंबा जुळूनही ती वाकत असेल तर हवेचा रोध बघा: टेबल टेनिसचा 2.7 ग्रॅमचा चेंडू या कामाचा नाही, लेदर बॉल घ्या.