सात महिन्यांचे वॉकिंग शूज आणि डाव्या बुटाची जीभ

कुशन, वजन, रंग यावर इथल्या रिव्ह्यूंमध्ये सगळ्यांनी लिहून झालंय, मी परत लिहीत बसत नाही. सोल उत्तम. रोज सकाळी ठाण्यात तलावपाळीला चार फेऱ्या आणि रविवारी येऊरचा डोंगर, एवढं करूनही टाचेखालची नक्षी जेमतेम झिजली आहे. पैसे वसूल. मी लिहायला बसलोय ते डाव्या बुटाच्या जिभेबद्दल, म्हणजे नाडीखालच्या त्या लांबट तुकड्याबद्दल.

जानेवारीत सेलमध्ये २,४९९ ला घेतले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की घरून निघताना जीभ मधोमध असते आणि दुसऱ्या फेरीला करंगळीच्या बाजूला पळालेली असते. आतल्या अंगाला नाडी थेट मोज्यावर. घरी येऊन मोजा काढला की पावलावर नाडीची लाल वेलांटी उमटलेली. मग रोज गडकरी रंगायतनपाशी कठड्यावर बसायचं, नाडी सोडायची, जीभ ओढायची, पुन्हा बांधायची. ओळखीचे लोक पुढून जाताना विचारायचे, "काय, दमलात?"

तोवर जीभ म्हणजे दोन कडांमधली फट झाकायची पट्टी, एवढीच माझी समजूत. तिचं खरं काम नाडीचा ताण पावलावर पसरवण्याचं. पावलाच्या वरच्या भागात हाडं आणि शिरा अगदी कातडीखाली असतात. तिथे फारसं मांस नाही, म्हणून गादी बुटाने पुरवायची. आणि ती बाहेरच पळते याचंही कारण आहे: पावलाचा उंचवटा आतल्या बाजूला, उतार करंगळीकडे. प्रत्येक पावलागणिक ती उताराला लागते. म्हणून बऱ्याच बुटांच्या जिभेवर मध्यावर एक बारीक पट्टी शिवलेली असते, तिच्यातून नाडी ओवली की जीभ जागेवर राहते. बहुतेक ट्रेकिंगच्या बुटांची जीभ तर दोन्ही बाजूंनी अप्परलाच (बुटाच्या वरच्या भागालाच) जोडलेली असते, खडे नि पाणीही सहज आत येत नाही. माझ्या बुटाला पट्टी नाही. दोन रुपयांची पट्टी वाचवली!

दुकानात तीन खेपा घातल्या. काउंटरवरच्या मुलाने बूट उलटासुलटा केला. "सर, सोल निघालाय का? शिवण उसवलीय का? मग वॉरंटीत बसत नाही." कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं की कृपया लेस योग्य प्रकारे बांधावी. चोपन्नाव्या वर्षी मला नाडी बांधायला शिकवतायत. रिक्षाला गेलेले पैसे वेगळेच.

एप्रिलमध्ये मी इथे एक स्टार देऊन ठेवला होता. तो आता बदलतोय, आणि का ते सांगायला मला जरा जड जातंय.

मुलगी एकदा बरोबर फिरायला आली. माझी कठड्यावरची कसरत तिने पाहिली आणि म्हणाली, "बाबा, तुझ्या डाव्या बुटाची भोकं एकमेकांना चिकटलीत." खरंच. उजव्या बुटात भोकांच्या दोन रांगांमध्ये बोटभर फट, डाव्यात काहीच नाही. रांगा भिडल्या म्हणजे नाडी आणखी आवळायला जागाच उरली नाही. बूट त्या पायाला मोठा. जीभ दाबून धरणार कोण? उलट फट फार रुंद राहिली तर बूट लहान किंवा पाऊल उंच.

आता कबुली. माझा नंबर आठ. सेलमध्ये नऊच शिल्लक होता. 'जाड मोजे घालू' म्हणून घेतला. आपल्याकडच्या यूके मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. शिवाय माझा उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मोठा आहे (बहुतेकांचे दोन पाय थोडे वेगळे असतातच) आणि मी दुकानात बसल्या बसल्या फक्त उजवाच घालून बघितला होता. दोन्ही घालून, उभं राहून, शक्यतो संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना बघायचं असतं.

ईमेलवाल्याचंही थोडं बरोबर निघालं. मी दोन्ही वेढे एकाच दिशेने टाकत होतो, त्यामुळे सुरगाठीचे कान आडवे न राहता बोटं-टाच असे उभे व्हायचे आणि गाठ सुटायची. पहिला वेढा उलटा घातला, सुटणं थांबलं. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये यावर रीतसर पेपर लिहिलाय: पाय आपटून गाठ ढिली होते आणि हलणारी टोकं तिला ओढून सोडवतात. सगळ्यात वरचं रिकामं भोकही वापरायला लागलो. प्रत्येक बाजूला छोटा फास करायचा, समोरची नाडी त्यातून ओढायची, टाच धरली जाते.

तरी जीभ थोडी सरकायचीच. शेवटी जुलैत स्टेशनजवळच्या मोचीकाकांकडे गेलो. त्यांनी बूट हातात घेतला, अंगठ्याने जीभ दाबली आणि मला काही विचारायच्या आतच म्हणाले, "पट्टी नाही हिला." जुन्या सँडलच्या फोमचा तुकडा कापून जिभेच्या आतून चिकटवला, त्याने पाऊल मागे टाचेकडे रेटलं जातं. मग वरून चामड्याची पट्टी, दोन टाके इकडे, दोन तिकडे. साठ रुपये. "दुसऱ्यालाही मारू का? चाळीसच द्या." मी म्हटलं, नको, तो बरा आहे.

तेव्हापासून डावी जीभ मधोमध आहे. चार स्टार, एक पट्टीचा कापला.

काल येऊरहून उतरताना उजवीची जरा सरकल्यासारखी वाटली.