सेरेमोनियल ककाओ घ्यावा की साधी कोको पावडर?

"ते सेरेमोनियल ककाओ मागवू का? तब्येतीला चांगलं आणि ध्यानालाही मदत होते म्हणतात." साताऱ्यात योगाच्या वर्गाला येणाऱ्या मैत्रिणींकडून हा प्रश्न हल्ली सारखा येतो. गोव्या-पुण्याकडच्या शिबिरांतून हे पेय आता आपल्याकडेही पोचलंय. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं निराळी आहेत. तब्येतीसाठी हवं असेल, तर मी सरळ कोको पावडर घ्या म्हणेन. ध्यानासाठी हवं असेल, तर जरा सविस्तर बोलावं लागेल.

आधी वस्तू काय ते बघू. ककाओ म्हणजे ज्याच्या बियांपासून चॉकलेट होतं ते झाड. त्याच्या फळातल्या बिया काही दिवस आंबवतात, वाळवतात, हलक्या भाजतात, टरफल काढून दळतात. बियांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे दळल्यावर पीठ न होता दाट लगदा होतो. तो गार झाला की घट्ट वडी. हीच वडी 'सेरेमोनियल', म्हणजे गोल करून बसून ध्यानासाठी एकत्र पिण्याच्या समारंभाची, म्हणून येते. कोको पावडरसाठी हाच लगदा दाबून त्यातलं बटर, म्हणजे तो स्निग्धांश, बरंचसं काढून घेतात आणि उरलेली पेंड दळतात. दाबण्याच्या या पद्धतीचं पेटंट हॉलंडच्या व्हान हाउटेन घराण्यानं १८२८ साली घेतलं. म्हणजे दोन्हींचा कच्चा माल एकच, फरक मुख्यतः बटरचा.

'सेरेमोनियल' हा दर्जा ठरवणारा कुठलाही सरकारी निकष नाही. विकणारा म्हणेल तो सेरेमोनियल. चांगले उत्पादक बियांची निवड, आंबवणं, भाजणं खरोखर मन लावून करतात आणि चवीत ते कळतं. पण शंभर टक्के ककाओची बिनसाखरेची वडी एखाद्या चांगल्या चॉकलेटवाल्याकडून घेतलीत, तरी हातात तीच वस्तू येते. ती पेरू किंवा ग्वाटेमालाहूनच यायला हवी असंही नाही. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रात नारळ-सुपारीच्या बागांत ककाओचं आंतरपीक घेतात. कर्नाटकातल्या पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखानाच आहे. माझा कौल इथल्या मालाला.

आता कपात काय पडतं? समारंभाची मात्रा साधारण ४० ग्रॅम धरतात. एवढ्या वडीत अंदाजे २५० कॅलरी, २० ग्रॅम स्निग्धांश, १३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ५०० मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमिन (कॅफिनच्या जातीचं उत्तेजक द्रव्य) असतं. कॅफिन चहाच्या एखाद्या कपाइतकं. त्याउलट १० ग्रॅम कोको पावडर, म्हणजे दोन चमचे, घेतली तर कॅलरी २०-२५, मॅग्नेशियम ५० मिलिग्रॅम, थिओब्रोमिन २०० मिलिग्रॅमच्या घरात. ग्रॅमाला ग्रॅम तोललं तर पावडरच जास्त भरीव, कारण तिच्यातलं बटर निघून गेलेलं असतं. अर्धा किलोच्या वडीचे बारा कप होतात, तेवढ्याच पावडरचे पन्नास. दोन्ही पाकिटांच्या किमतींना या आकड्यांनी भागा, रोजचा खर्च समोर येईल.

तब्येतीच्या दाव्यांमागे खरं संशोधन आहे, ते मी नाकारत नाही. पनामाच्या सान ब्लास बेटांवरच्या गुना लोकांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नाही, शहरात राहायला गेलेल्यांचा मात्र चढतो, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी मांडलं आणि कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या वनस्पतिजन्य घटकाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पुढे २०१२ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं मान्य केलं, की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल पोटात गेलं तर रक्तवाहिन्या लवचिक राहायला मदत होते. रक्तदाबावरचे प्रयोग एकत्र करून काढलेला २०१७ चा निष्कर्ष मात्र माफक आहे: वरचा आकडा सरासरी दोनहून थोडा कमी उतरतो. अमेरिकेत २१ हजारांहून जास्त ज्येष्ठांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगात (निकाल २०२२) हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस फरक दिसला नाही. त्या विकारानं होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण तो प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता. तेव्हा रक्तदाबाची गोळी बंद करून ककाओ सुरू करण्याइतका आधार यात अजिबात नाही.

शिवाय हे सगळे आकडे मोजून घेतलेल्या फ्लॅव्हनॉलचे आहेत, मोठ्या प्रयोगात तर ते कॅप्सूलमधून दिलं होतं. सेरेमोनियलच्या पाकिटावर फ्लॅव्हनॉल किती ते बहुधा लिहिलेलं नसतं. त्यामुळे "संशोधनानं सिद्ध" असं कुणी म्हटलं, तर कुठल्या मालावर सिद्ध झालं ते जरूर विचारा.

पावडर घेणाऱ्यांनीही एक गोष्ट तपासायची. कडवटपणा कमी व्हावा आणि रंग गडद यावा म्हणून बरीचशी पावडर अल्कली लावून तयार करतात, त्यात फ्लॅव्हनॉलचा मोठा भाग निघून जातो. घटकांच्या यादीत ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा आम्लता नियंत्रक दिसला, तर ती पावडर केकसाठी ठेवा. प्यायला घ्यायची ती फिकट तपकिरी, चवीला आंबटसर, यादीत फक्त कोको असलेली. या एका मुद्द्यावर सेरेमोनियल वडी सहसा पुढे असते, कारण तिला अल्कली लावत नाहीत.

आता मनाकडे. "हृदय उघडतं", "आनंदाचं रसायन" हे शब्द तुम्ही ऐकले असतील. चॉकलेटमध्ये आनंदामाइड, म्हणजे आपल्या मेंदूतही तयार होणारं एक रसायन, सापडलं हे खरं आहे, ते १९९६ सालीच प्रसिद्ध झालं, पण त्याचं प्रमाण अगदी नगण्य. फेनिलइथिलअमाइन या दुसऱ्या रसायनाचं नाव घेतात, ते पोटात गेल्यावर शरीर झपाट्यानं मोडून टाकतं. काम करतं ते थिओब्रोमिन: रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी थोडी वाढते, छातीत ऊब जाणवते आणि ती कॅफिनपेक्षा जास्त वेळ टिकते. २०१३ साली ८० निरोगी लोकांवर नुसत्या थिओब्रोमिनचा प्रयोग झाला. २५० मिलिग्रॅमला फारसा त्रास नव्हता, ५०० आणि हजारला नाडी वाढली आणि लोकांना बरं वाटण्याऐवजी बेचैन वाटायला लागलं. समारंभाचा पूर्ण कप ५०० च्या आसपास जातो, हे लक्षात ठेवा. म्हणून पहिल्यांदा घेणारीला मी १५ ते २० ग्रॅमच सांगते.

करायची रीत मला मनापासून आवडते. वडी सुरीनं बारीक तासायची, उकळी फुटण्याआधी उतरवलेल्या पाण्यात घालायची आणि रवीनं दोन्ही तळव्यांत घुसळायची. मेक्सिकोत यासाठी मोलिनियो नावाची लाकडी घुसळणी असते, तीही अशीच तळव्यांत फिरवतात. वर तुपासारखा तवंग येतो, मग फेस धरतो. चव कडू, तुरट, किंचित आंबट. गुळाचा खडा आणि चिमूटभर दालचिनी पुरते. हा कप घटाघटा पिता येत नाही. थांबत थांबत, घोटाघोटानं प्यावा लागतो आणि मन शांत व्हायला निम्मी मदत इथेच होते असं माझं मत आहे.

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांत ककाओला धार्मिक मान होता यात शंका नाही. ग्वाटेमालातल्या रिओ आझुल इथे १९८४ साली उघडलेल्या थडग्यात फिरकीच्या झाकणाचं एक भांडं मिळालं. त्यावर त्यांच्या लिपीत ककाओ लिहिलेलं होतं आणि आतल्या अंशांच्या तपासणीतही ककाओच निघाला. पण आज ज्याला समारंभ म्हणतात, म्हणजे गोल करून बसणं, संकल्प बोलणं, श्वास, संगीत, ते अलीकडच्या काही दशकांत आकाराला आलंय. नवं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. चार माणसं फोन बाजूला ठेवून दोन तास एकत्र बसतात, एकमेकांचं ऐकून घेतात, कुणी मनातलं बोलून मोकळं होतं. ही किंमत मी कमी लेखणार नाही. फक्त ती वडीच्या ग्रॅमांत मोजू नका.

आपला जिल्हा तर याबाबतीत श्रीमंत आहे. माउलींच्या पालखीला शिस्तीच्या सोहळ्याचं रूप देणारे हैबतबाबा आपल्या आरफळचे. गोंदवल्याला महाराजांनी नामाशिवाय दुसरं साधन सांगितलं नाही. सज्जनगडावर पहाटेच्या काकड आरतीला बसून बघा. तिथे जे मन लागतं, त्याला आधी काही प्यावं लागत नाही. ज्यांचं नाम किंवा भजन रोज चालू आहे, त्यांना ककाओनं त्यात भर पडेल असं मला वाटत नाही. ज्यांना देवळात किंवा बैठकीत अवघडल्यासारखं होतं आणि शांत बसायला काहीतरी निमित्त हवंय, त्यांच्यासाठी वर्षातून दोन-चारदा अशी बैठक खरोखर उपयोगी पडते. तेव्हा वडी आणा. रोजच्या सकाळसाठी पावडर.

"उपवासाला चालतं का?" असंही विचारतात. शास्त्राचं घरातल्या मोठ्यांना विचारा. पोटाचं मी सांगते: दिवसभराच्या रिकाम्या पोटी एवढा स्निग्धांश आणि कडू पेय गेलं की मळमळ आणि आम्लपित्त ठरलेलं.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वडीच्या वाटेला जाऊच नये. नैराश्यावरची औषधं चालू असणाऱ्या, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या, गरोदर, अर्धशिशीवाल्या. मूतखडा झालेल्यांनी पावडरही बेतानं घ्यावी, कोकोत ऑक्झलेट भरपूर असतं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आहे, आणि कोको चहासारखाच अन्नातलं लोह शोषायला अडवतो. म्हणून जेवण किंवा लोहाची गोळी आणि हा कप यांत तास-दोन तास अंतर ठेवा. दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांच्या मातीमुळे तिथल्या ककाओत कॅडमियम हा विषारी धातू जास्त उतरतो. तिकडची वडी रोज घ्यायचा विचार असेल, तर विकणाऱ्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागा. घरात कुत्रा असेल तर दोन्ही पाकिटं वरच्या फळीवर ठेवा, थिओब्रोमिन त्याला विषासारखं बाधतं.

समारंभाला जायचंच ठरवलंत, तर नाव नोंदवताना विचारा: कपात किती ग्रॅम घालता, अर्धी मात्रा मिळेल का, बैठक किती वाजता? संध्याकाळी सातची असेल तर रात्रीची झोप बिघडेल. आणि आयोजकांनी तुमच्या चालू औषधांबद्दल काहीच विचारलं नाही, तर तिथे नाव नोंदवू नका.